आरोप, साक्ष आणि संहिता

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) या नाटकातील लीला बेणारेवरचा आरोप खरा की खोटा, असा प्रश्न सरसकट विचारला जातो. प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. अभिरूप न्यायालयात आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. बेणारेचे गरोदरपण ही निराळी बाब होय. संहितेच्या साक्षीने पहिली गोष्ट खोटी आणि दुसरी खरी ठरते.

याचा भक्कम पुरावा निकालातच आहे. न्यायाधीश काशीकर बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात. जो गर्भ नष्ट करावयाचा आहे, तो नष्ट केल्याचा आरोप उभा राहतोच कसा? फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही बाजूंची वकिली करणाऱ्या सुखात्म्यांनाही ही विसंगती खटकत नाही.

सामंतची साक्ष अधिक फसवी आहे. हा भाबडा गावकरी हाताशी असलेल्या कादंबरीतला प्रसंग उचलून तो प्रा. दामल्यांच्या खोलीत घडल्याचे सांगतो. साक्ष उघडउघड बनावट. तरीही ती बेणारेच्या जिव्हारी लागते. म्हणून तिला सत्यकथन मानण्याचा मोह होतो. परंतु उसनवारीचे कथन वस्तुस्थितीशी जुळले, एवढ्याने त्याला पुराव्याची प्रतिष्ठा लाभत नाही. गरोदरपणाचा आधार शोधावयाचा तो बेणारेच्या अखेरच्या स्वगतात, जे त्या न्यायालयातील कोणीही ऐकत नाही.

तिच्या मौनाला कबुली म्हणणे तर सर्वस्वी अनुचित. दाराला बाहेरून कडी लागलेली असते आणि दामले गैरहजर. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बेणारेच उभी असते.