पेटीचा गळा
पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवणारे तुळशीदास बोरकर गोव्यातल्या बोरीचे, जन्म १९३४. गाण्याचे पहिले धडे आईकडून. पुढे पेटीसाठी गुरू लाभले पी. मधुकर. पोर पाच वर्षांचं असतानाच, १९४० साली, आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, सापडत नाहीत, हा आरोप. गंमत म्हणजे तो खोटा नव्हता! पट्टी सुटी, सूर ठरलेला. दोहोंमधून घसरायला वाट नाही. मग भात्याचा दाब कमीजास्त करत, एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकवत मींडेचा आभास निर्माण करायचा. बोरकरांची पेटी गायची ती अशी. बंदी १९७१मध्ये सैल झाली. त्यांना पद्मश्री मिळाली २०१६ला.