भांडणाआधीचा कागद : सहनिवास कराराबाबत जबलपूरच्या मराठी रहिवाशांचे मागणीपत्र

प्रति,
१) मा. प्रमुख सचिव, विधी आणि विधायी कार्य विभाग, मध्य प्रदेश शासन, भोपाळ
२) मा. सदस्य सचिव, मध्य प्रदेश राज्य विधिक सेवा प्राधिकरण, जबलपूर

विषय : लग्न न करता एकत्र राहणाऱ्या सज्ञान जोडीदारांच्या लेखी करारास कायदेशीर आधार देण्याबाबत

महोदय,

लग्नाविना एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या खुशबू प्रकरणात स्पष्ट केले आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने ‘विवाहासारख्या’ नात्यातील स्त्रीला संरक्षणही दिले. मात्र हे सारे कामी येते ते नाते तुटल्यावर. तोवर घर कोणाच्या नावावर, अनामत कोणी भरली, कर्जाचे हप्ते कोणी फेडले, यातले काहीच कागदावर नसते. मग नाते विवाहासारखे होते की नव्हते, हे साक्षीपुराव्यांवरून ठरवण्यात वर्षे जातात. दोघांचे पटत असतानाच हे लिहून ठेवता यावे आणि लिहिलेले कोर्टात टिकावे, एवढीच आमची मागणी आहे.

हा प्रश्न आमचा का

आमच्या संघटनेत खमरिया ऑर्डनन्स फॅक्टरी आणि गन कॅरेज फॅक्टरीतून, तसेच रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांना लागू असलेल्या केंद्राच्या नियमांनुसार विधवेने पुनर्विवाह केला की तिचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबते. अपत्य नसलेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्या विधवेलाच सवलत आहे. उतारवयात सोबत हवी, पण हक्काचे पैसे गमवायचे नाहीत, अशा बाईपुढे लग्नाविना एकत्र राहणे हाच मार्ग उरतो. मराठी ज्येष्ठांना तो अनोळखी नाही. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळच सुरू केले. दुसरीकडे नोकरीनिमित्त परगावी राहणारी आमची मुलेमुलीही हा निर्णय घेत आहेत. दोन्ही पिढ्यांची अडचण एकच आहे.

आजची स्थिती

एप्रिल २०२४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने बालाघाटच्या एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नीसारखे राहिले असतील, तर लग्न सिद्ध झाले नाही तरी स्त्रीला पोटगी मिळू शकते, असे त्यात म्हटले. निकाल स्वागतार्ह आहे. पण महिना १५०० रुपयांच्या पोटगीसाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, हेही लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इंद्रा सरमा प्रकरणात अशा नात्यांसाठी योग्य कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले होते. तो कायदा अजून झालेला नाही.

दरम्यान लोक नोटरीचा शिक्का मारून मिळेल तसले कागद करतात. मुंबईत २०२४ मध्ये बलात्काराच्या आरोपातील एका ४६ वर्षांच्या सरकारी कर्मचाऱ्याने ११ महिन्यांचा सात कलमी ‘लिव्ह-इन करार’ न्यायालयात ठेवला आणि त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. त्यावरची सही आपली नाही, असे तक्रारदार स्त्रीचे म्हणणे होते. दोघांनी एकमेकांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करायची नाही आणि गर्भ राहिल्यास जबाबदारी पुरुषाची नाही, अशी कलमे त्यात होती. कायद्याने नमुना दिला नाही की त्या जागी काय येते, ते यावरून दिसते.

मागण्या

१) शासनाने सहनिवास कराराचा अधिकृत नमुना हिंदी व मराठीत प्रसिद्ध करावा. भाडे व अनामत, घरखर्चाची वाटणी, एकत्र घेतलेल्या वस्तू व कर्जे, वेगळे होण्याची पूर्वसूचना आणि त्यानंतर घरात कोणी किती काळ राहायचे, हे त्यात असावे. काय लिहिता येणार नाही, तेही छापावे : शरीरसंबंधांची आगाऊ संमती, तक्रारीचा हक्क सोडणे आणि अपत्याची जबाबदारी झटकणे.

२) १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध उद्देशाचा करार रद्दबातल ठरतो. केवळ जोडीदार अविवाहित आहेत म्हणून पैसा व निवाऱ्याविषयीचा करार या कलमात अडकू नये, असे स्पष्टीकरण राज्य दुरुस्तीने जोडावे. करार हा समवर्ती सूचीतला विषय आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला हे करता येते.

३) नोंदणी ऐच्छिक आणि गोपनीय असावी. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इन नोंदणी सक्तीची आहे, न केल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे आणि माहिती पोलीस ठाण्याकडे जाते. घरच्यांच्या धाकाने शहर सोडलेल्या जोडप्याला ही यादीच धोक्याची ठरेल. ऐच्छिक नोंदणीसाठी नवी यंत्रणाही नको. नोंदणी कायद्याच्या कलम १८ मध्ये ऐच्छिक नोंदणी आहेच, आणि कलम ५७ नुसार चौथ्या पुस्तकातील दस्ताच्या नकला संबंधितांनाच मिळतात. राज्याच्या ‘संपदा २.०’ या दस्तनोंदणी प्रणालीत हा दस्तप्रकार जोडावा आणि मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवावे.

४) मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो. तीच सोय सर्व आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत द्यावी. करारात नाव असलेल्या जोडीदाराला रुग्णाची माहिती मिळावी आणि रुग्ण शुद्धीवर नसताना त्याचे म्हणणे ऐकले जावे.

५) जोडीदार वारसा कायद्यात बसत नाही. विम्यात ‘लाभार्थी नॉमिनी’ म्हणून आई-वडील, पती-पत्नी आणि मुले एवढीच नाती धरली जातात. ही यादी वाढवण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोवर विधिक सेवा प्राधिकरणाने दोन साक्षीदारांसह मृत्युपत्र करून देण्याची मोफत शिबिरे जबलपुरात घ्यावीत. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतेच.

आक्षेपांबद्दल

अशा करारांनी दुसऱ्या बाईची सोय होईल, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. गुजरातेत एके काळी ‘मैत्री करार’ चालत आणि विवाहित पुरुष त्यांचा आधार घेत. म्हणून दोघांनीही आपली वैवाहिक स्थिती शपथेवर लिहावी, हयात पती किंवा पत्नी लपवल्यास फसवणाऱ्याला करारातून लाभ मिळू नये आणि कायदेशीर पत्नीच्या व मुलांच्या हक्कांना धक्का लागू नये, अशी अट आम्हीच सुचवत आहोत.

विवाहसंस्था दुबळी होईल, हा दुसरा आक्षेप. ज्यांना लग्न करायचे आहे ते करारामुळे थांबणार नाहीत. ज्यांनी ते न करण्याचे ठरवले आहे, त्यांच्यातला कमकुवत जोडीदार, बहुतेकदा बाईच, आज हिशेबाविना घराबाहेर पडतो. त्याच्या हाती कागद असावा, यात लग्नाचे काही बिघडत नाही.

कराराचा मसुदा ९० दिवसांत जाहीर करून हरकती मागवाव्यात आणि जबलपुरात जाहीर सुनावणी घ्यावी. मागणी क्र. ४ आणि मोफत मृत्युपत्र शिबिरांसाठी कायदा बदलण्याची गरज नाही. त्यांचे आदेश त्याआधीच निघावेत, ही विनंती.

आपले,
जबलपूर येथील मराठी रहिवासी संघटनेचे पदाधिकारी व सभासद