'राष्ट्रीय' म्हणजे नक्की कोणाची?

परवा भाच्याने विचारलं, "मामा, यूएस ओपन किती जुनी रे?" मी पाठ असल्यासारखं सांगितलं, "१८८१ पासूनची. न्यूपोर्टला सुरू झाली, तेव्हा ती अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होती."

मग मात्र तो 'राष्ट्रीय' शब्द मलाच टोचत राहिला. कसली राष्ट्रीय? १९५० पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला तिथे खेळता आलं नाही! आधी मान्यताप्राप्त स्पर्धा खेळून या म्हणायचं, आणि त्या स्पर्धा गोऱ्यांच्या क्लबांत. झालं काम.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. मान्य. पण त्याच काळात, १९१७ साली, अमेरिकन टेनिस असोसिएशनने बाल्टिमोरला कृष्णवर्णीयांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. महिलांत ल्यूसी स्लो जिंकली. पुढे अल्थिया गिब्सनने १९४७ पासून ती सलग दहा वेळा जिंकली. १९५० मध्ये तिला फॉरेस्ट हिल्सचं दार उघडलं, तेही अ‍ॅलिस मार्बल या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकातून सगळ्यांना खडसावल्यावर. आणि १९५७ व १९५८ ला गिब्सनने तीही स्पर्धा जिंकून दाखवली. आता सांगा, लायक खेळाडू नव्हते का?

जुनी यादी पुसा असं मी म्हणत नाही. पण तिच्या शेजारी एटीएची यादीही छापा. एकटी यादी 'राष्ट्रीय' म्हणून मिरवणं म्हणजे दार लावून घेतलेली शर्यत जिंकणं.

असो. भाच्याला फोन करून उत्तर दुरुस्त केलंय.