काचेवर उरलेले आकाश

तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणारा, लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो यांवर संसार केलेला आणि अमावास्येच्या आसपास दुर्बीण घेऊन माळावर जाणारा एखादा फोटोग्राफर वारला, की त्याच्यावरचा लेख ठरलेल्या वाटेने जातो. माणूस मनमिळाऊ होता, धंदा सचोटीने केला आणि शेवटी एक वाक्य येते, की त्यांना आकाशनिरीक्षणाचा छंद होता. पोट एका बाजूला आणि हौस दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आपण सहज करून टाकतो. माझ्या मते ती चुकीची आहे आणि तिचे परिणाम केवळ शब्दांपुरते राहत नाहीत. जे काम छंद ठरते, ते माणसामागे कुणी सांभाळत नाही. दुकानाचा गाळा रिकामा होतो, निगेटिव्हचे डबे भंगारात जातात आणि त्या डब्यांत तीस-चाळीस वर्षांच्या रात्री होत्या हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

स्टुडिओतले कसब आणि आकाशाचा अभ्यास ही दोन वेगळी खाती नाहीत, हे ज्याच्या आयुष्यातून लख्ख दिसते तो माणूस अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा. एडवर्ड इमर्सन बर्नार्डचा जन्म १८५७ चा. जन्माआधीच वडील गेलेले, घरात कमालीचे दारिद्र्य, शाळा मिळाली ती जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी तो गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. त्या काळी फोटो मोठा करायला विजेचा दिवा नव्हता, सूर्यप्रकाशच वापरावा लागे. गच्चीवर एक अवजड यंत्र असे. सूर्य सरकेल तसे ते हाताने फिरवत राहायचे, नजर हलू द्यायची नाही, हे या पोराचे काम. त्या यंत्राचे नावही 'ज्युपिटर', म्हणजे गुरू, होते. पुढे तासन् तास दुर्बिणीला डोळा लावून, आकाश फिरेल तशी दुर्बीण फिरवत, फोटोच्या काचेवर ताऱ्याचा ठिपका लांबू न देण्याची जी अचाट चिकाटी त्याने दाखवली, तिची तालीम या गच्चीवर झाली होती. सुमारे सतरा वर्षे तो त्या स्टुडिओत राहिला. काच कशी तयार करायची, प्रकाश किती द्यायचा, डार्करूममध्ये कुठे थांबायचे, हे तो तिथेच शिकला. वर्षाच्या कमाईच्या दोन तृतीयांश, ३८० डॉलर घालून त्याने पाच इंची दुर्बीण घेतली. मग धूमकेतू शोधले, प्रत्येक शोधाला मिळणाऱ्या २०० डॉलरच्या बक्षिसांतून घर उभे केले आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत दाखल झाला.

लिकमध्ये भिंगाच्या दुर्बिणींतली त्या काळची जगातली सर्वांत मोठी, ३६ इंची दुर्बीण होती. बर्नार्डने तिच्यातून १८९२ साली गुरूचा पाचवा चंद्र शोधला. गॅलिलिओने पहिले चार पाहिले, त्यानंतर २८२ वर्षांनी! पण त्याचे मोठे काम त्या महाकाय दुर्बिणीचे नव्हे. १८८९ पासून त्याने आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली, ती एका सहा इंची भिंगातून. हे भिंग माणसांचे चेहरे टिपण्यासाठी घडवलेले होते आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्टुडिओतून जुन्यातले म्हणून विकत घेतलेले होते. मोठी दुर्बीण आकाशाचा नखाएवढा तुकडा दाखवते. चेहऱ्याचे भिंग एकदम मोठा पट्टा पकडते आणि अंधुक उजेडालाही दाद देते. आकाशगंगेतले ताऱ्यांचे ढग आणि त्यांच्यामधल्या काळ्या वाटा प्रथमच इतक्या स्पष्ट उमटल्या. विल्यम हर्शेलच्या काळापासून या काळ्या जागा म्हणजे आकाशाला पडलेली भोके, असे मानले जाई. बर्नार्ड स्वतः कित्येक वर्षे साशंक राहिला. काचांवर काचा पाहून अखेर त्याची खात्री पटली, की ही पोकळी नाही, मागच्या ताऱ्यांना झाकणारे काहीतरी आहे. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी छापली. हे झाकणारे काहीतरी म्हणजे धुळीचे ढग आणि त्यांतूनच तारे जन्मतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या मुद्द्याचा खरा आधार मात्र १९१६ सालच्या शोधात आहे. त्या वर्षी एका काचेवर बर्नार्डला एक तारा आढळला, जो त्याने १८९४ मध्ये लिकवर घेतलेल्या काचेत त्या जागी नव्हता, थोडा बाजूला होता. शेजारचे तारे जागच्या जागी आणि हा एकटा सरकलेला. वर्षाला १०.३ विकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे अंतर कापायला त्याला पावणेदोनशे वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. आकाशात इतक्या वेगाने सरकताना दिसणारा दुसरा तारा आजही माहीत नाही. सूर्यापासून सुमारे सहा प्रकाशवर्षांवरचा हा तारा आज बर्नार्डच्याच नावाने ओळखला जातो. शोधाचे श्रेय नव्या काचेचे जितके, तितकेच बावीस वर्षे न फेकलेल्या जुन्या काचेचे. हार्वर्डच्या संग्रहातल्या १८८८ च्या काचेवरही तोच तारा सापडला. ती काच घेणाऱ्याने तो पाहिलाही नसेल, पण काच जपली होती, म्हणून साक्ष देऊ शकली.

यावर कुणी म्हणेल, बर्नार्ड असामान्य होता. आपल्या गावच्या फोटोग्राफरने काय शोधले? पण १८८८ ची ती काच शोध लावण्यासाठी घेतलेली नव्हती. नोंदीचे मोल नोंद करणाऱ्याच्या प्रतिभेवर ठरत नाही, ती केव्हा आणि कुठे केली यावर ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज अवकाशातून अब्जावधी तारे मोजले जातात, तिथे गच्चीवरच्या फिल्मची काय मातब्बरी? ताऱ्यांच्या अचूक जागांपुरते हे खरे आहे. परंतु कोणतीही नवी दुर्बीण १९८६ च्या रात्रीचा फोटो आता घेऊ शकत नाही. हार्वर्डने आपल्या पाच लाखांच्या आसपास काचा संगणकावर आणण्याचा खटाटोप याचसाठी केला. माउंट विल्सन वेधशाळेत १९१७ मध्ये काचेवर नोंदलेल्या एका मंद ताऱ्याच्या वर्णपटात ग्रहांच्या अवशेषांची खूण होती, हे जवळपास शंभर वर्षांनी लक्षात आले. तिसरा आक्षेप मला मान्यच आहे. केवळ कसबाने बर्नार्ड घडला नाही. गणिताशिवाय मजल मर्यादित राहील, असे सायमन न्यूकोमसारख्या मोठ्या ज्योतिर्विदाने त्याला तरुणपणी सुनावले. तो दुखावला, पण पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायला बसला. म्हणजे शिक्षण हवेच. आपल्याकडे मात्र उलटी गत आहे. पदवी नसेल तर कसबाला ज्ञान म्हणायची आपली तयारी नसते.

महाराष्ट्राला हे परके नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्यातल्या सरकारी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपला संच घेऊन गेले होते आणि लिक वेधशाळेची तुकडीही तिथे उतरली होती. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये त्यांची पुण्यातली वेधशाळाच बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. सरकारी वेधशाळेची ही कथा, तर एकट्या हौशी माणसाच्या कपाटाची काय असणार? पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, वांगणीच्या माळावर मुंबईकरांनी वर्षानुवर्षे रात्री जागवल्या. १९८६ चा हॅले आणि १९९७ चा हेल-बॉप हे धूमकेतू, अनेक ग्रहणे आणि उल्कावर्षाव आपल्या लोकांनी फिल्मवर टिपले. त्या चित्रांत धूमकेतूखेरीज आणखी एक गोष्ट आहे: त्या त्या गावावरचा अंधार. सोडियमचे आणि मग एलईडीचे दिवे येण्यापूर्वी क्षितिजापर्यंत किती तारे दिसत, याचा पुरावा बहुधा याच निगेटिव्हमध्ये उरला आहे.

आणि या निगेटिव्हना वेळ फार नाही. कोकणातल्या दोन पावसाळ्यांतही फिल्मवर बुरशी धरते. जुन्या फिल्मला आंबट वास सुटू लागला, की ती आतून विरू लागली असे समजावे. म्हणून असा माणूस गेल्यावर शोकसभेतल्या भाषणांइतकीच निकड आहे ती त्याच्या घरी जाऊन डबे उघडण्याची. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ, ठिकाण, भिंग आणि किती वेळ प्रकाश दिला हे आहे का ते पाहायचे. नसेल तर त्याच्यासोबत जाणारे मित्र हयात आहेत तोवर विचारून लिहून घ्यायचे, कारण या पाच गोष्टींवाचून फिल्म म्हणजे नुसते सुंदर चित्र. जवळच्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग, जिल्हा ग्रंथालय किंवा एखादे खगोल मंडळ यांनी स्कॅनरची आणि कोरड्या कपाटाची सोय करावी. हा खर्च पुतळ्याच्या चौथऱ्याहून कमी आहे. बर्नार्ड १९२३ च्या फेब्रुवारीत गेला तेव्हा त्याचा आकाशगंगेचा चित्रसंग्रह अपुरा होता. त्यातली छायाचित्रे छापील नव्हती, खऱ्या फोटोंच्या प्रती चिकटवायच्या होत्या आणि ७०० संचांसाठीच्या ३५,७०० प्रतींतली एकेक त्याने स्वतः तपासलेली होती. उरलेल्या याद्या आणि तक्ते त्याच्या पत्नीची भाची मेरी कॅलव्हर्ट हिने, बर्नार्ड शेवटी ज्या वेधशाळेत होता तिचे प्रमुख एडविन फ्रॉस्ट यांच्यासोबत पुरे केले. त्याला चार वर्षे लागली.