उन्हाळी लागलेल्या बाईला सेन्सर

लघवी करताना जळजळ झाली की आपल्याकडे म्हणतात, ‘उन्हाळी लागली’. डॉक्टरच्या आधी भाषेनेच निदान करून ठेवलंय: ऊन फार, पाणी कमी. यवतमाळच्या कापूस पट्ट्यात हे निदान प्रत्येक मजूर बाईला पाठ आहे. ती धने-जिऱ्याचं पाणी पिते, कुणी सब्जा भिजवून देतं, आणि दुसऱ्या दिवशी परत शेतात जाते.

आता जगभरच्या प्रयोगशाळांत अंगावर घालायचे छापील सेन्सर तयार होताहेत. चांदीची किंवा कार्बनची शाई पातळ पट्टीवर किंवा कापडावर छापायची, ती पट्टी पॅडमध्ये किंवा डायपरमध्ये बसवायची, म्हणजे ओल, आम्लता, साखर, जंतुसंसर्गाची खूण वगैरे माहिती मोबाइलवर येते. यात जादू काही नाही. ग्लुकोमीटरची पट्टी याच घराण्यातली. २०१३ साली अमेरिकेतल्या पिक्सी सायंटिफिक नावाच्या कंपनीने रंग बदलणाऱ्या चौकोनांचं डायपर दाखवलं होतं. फोटो काढला की फोनने निकाल वाचायचा. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दोन सेंटहून कमी खर्चाचा ओल ओळखणारा सेन्सर जाहीर केला. असं काही वाचलं की आपल्याकडची शिकलेली मंडळी हरखून जातात आणि लगेच म्हणतात, ‘हे खेड्यातल्या बायकांपर्यंत पोहोचलं पाहिजे.’

माझं भांडण या वाक्याशी आहे.

संसर्ग ओळखायची एक स्वस्त खूण म्हणजे नायट्राइट. काही जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबलेली असावी लागते, म्हणून दवाखान्यात सकाळची पहिली लघवी आणायला सांगतात. कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसभरातली कुठलीही लघवी घ्या, चार तासांची अट बहुतेक पूर्ण झालेलीच असेल. सकाळी घरून निघताना एकदा, संध्याकाळी परतल्यावर एकदा. मधल्या वेळात तिने धरून ठेवलेलं असतं, आणि धरून ठेवावं लागू नये म्हणून पाणीच प्यायलेलं नसतं.

का धरून ठेवते? पऱ्हाटी दाट असते तोवर थोडा आडोसा मिळतो. वेचणी संपत येते तेव्हा पानं झडून गेलेली असतात. शेताच्या धुऱ्यावर मालक, मुकादम, ट्रॅक्टरवाला. शिवाय मजुरी किलोवर. कमरेची झोळी सोडून लांब जाऊन यायचं म्हणजे तेवढा कापूस कमी, तेवढे पैसे कमी. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास घरी बांधले गेले. बाईचा दिवस मात्र शेतात जातो. पुसद-दिग्रसकडची बुरखा घालणारी बाई एसटीने माहेरी निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्यावर आपण कधी बोलत नाही. तहारतवर तासभर बयान होतं, पण घराबाहेर पडलेल्या बाईने इस्तिंजासाठी जायचं कुठे, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत निघत नाही.

समजा, सेन्सर बसवला. मोबाइल वाजला: संसर्ग आहे. पुढे काय? नेमका जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे कळायला कल्चर करावं लागतं. त्याला एक-दोन दिवस जातात. झरी-जामणीच्या टोकाकडच्या गावातून यवतमाळचं मेडिकल कॉलेज शंभरेक किलोमीटर. नमुना द्यायला एक खेप, निकाल घ्यायला दुसरी. दोन दिवसांची मजुरी गेली. मग ती गावातच कुणाकडून तरी दोन गोळ्या घेते आणि बरं वाटलं की उरलेल्या तशाच ठेवते. सेन्सर यातलं काहीच बदलत नाही. गरोदरपणात लघवीतली साखर आणि प्रथिनं पट्टीने तपासायची सोय सरकारी योजनेत कधीची आहे, आणि त्या पट्टीला चांदीची शाई लागत नाही.

मला खरी भीती वेगळीच आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, हातमोज्यांची चर्चा फार झाली. फवारणाऱ्याने काळजी घेतली नाही, असा सूर लागला. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सगळं अंगावर चढवून पाठीवर पंप घेऊन चालून दाखवा, असं मात्र सल्ला देणाऱ्यांना कुणी म्हणालं नाही. उद्या हेच लघवीचं होईल. ‘तुमच्या फोनवर इशारा आला होता, तुम्ही पाणी का प्यायला नाहीत?’ औषध विकणाऱ्याची, शेतमालकाची, पंचायतीची जबाबदारी बाईच्या अंतर्वस्त्रात शिवून टाकायची ही सोय आहे.

या सेन्सरची खरी जागाही आहे, आणि ती मी नाकारत नाही. लकव्याने अंथरुणाला खिळलेला म्हातारा, कण्याला मार लागलेला तरुण, बोलता न येणारं माणूस. ओलं कधी झालं हे वेळेवर कळलं तर कातडी सोलपटत नाही. आपल्या कितीतरी बुजुर्गांनी लघवी थांबत नाही म्हणून शरमेने नमाज सोडलेली असते. वास्तविक फिक्हमध्ये अशा माणसाला माज़ूर मानून सवलत दिली आहे: हनफी मताप्रमाणे प्रत्येक वक्ताला नवीन वुज़ू करावा, मग थेंब आला तरी नमाज होते. हे त्यांना सांगणारं माणूस घरात असलं पाहिजे. तिथे सेन्सरही कामाचा.

पण उन्हात राबणाऱ्यांचा प्रश्न जगात इतरत्रही आलेला आहे. निकाराग्वा, एल साल्वाडोरच्या ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडं निकामी होऊन तरणी माणसं मरू लागली, तेव्हा तिथे जे उपाय पुढे आले त्यांची नावं होती पाणी, विश्रांती, सावली. तोडणीच्या फडात सावलीचे तंबू लागले, पाण्याचे बुधले ठेवले गेले, सुट्टीच्या वेळा ठरल्या.

आपल्याकडे २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी लिहिली होती. मुतारी त्यातही नव्हती. खासगी शेतात तर यातलं काहीच नाही. तिथे बोलायची जागा एकच: वेचणीचा भाव ठरवायला बाया मालकापुढे उभ्या राहतात ती. किलोच्या दरासोबत चार बांबू, जुनी ताडपत्री, हात धुवायला पाण्याचा ड्रम आणि सकाळ-दुपारची एकेक सुट्टी, जिचे पैसे कापले जाणार नाहीत, एवढं तिथेच मागून घ्यावं. मालक म्हणेल, एवढ्या लहान शेतात ताडपत्री कुठे लावू? गंजीवर झाकायला त्याच्याकडे दरवर्षी एक असतेच.