दगडाचा पत्ता

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वर्ध्याच्या घरी मुंबईची पाहुणेमंडळी हजर होतात. यंदाही भाचा-भाची आले. भाची नववीत, भाचा सहावीत. फराळाचं ताट समोर येतं न येतं तोच भाच्याने फर्मान सोडलं, "मामा, आम्हाला डोंगरावरच्या गावाला ने. असं गाव, की जिथे सगळी कला बाहेर उघड्यावर असते. मी पुस्तकात फोटो पाहिलाय."

"अरे राजा," मी म्हटलं, "वर्ध्यात डोंगर कुठून आणू? पण एक टेकडी आहे. तिथल्या मूर्ती सोळाशे वर्षांपूर्वीच्या आहेत. चालेल?"

"टेकडी तर टेकडी!" भाचेबुवा चकलीचा तुकडा मोडत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटी पकडून आम्ही पवनारला पोचलो. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी हे गाव आहे. गावात चालताना भाचीच्या लक्षात आलं की आपण सारखे चढतोय. आजूबाजूची शेतं सपाट, माती काळीभोर. गाव मात्र उंचावर आणि पायाखालची माती फिकट, राखेसारखी.

"मामा, इथली माती वेगळी का?"

वा! प्रश्न नेमका होता. आपल्याकडे जुनी माणसं गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहतात. मातीच्या भिंती बांधतात, त्या पावसात पडतात, त्यांच्यावरच नवं घर उभं राहतं. चुलीची राख, फुटकी मडकी, मोडक्या बांगड्या, सगळं तिथेच साचत जातं. असं करता करता गावच वर उचललं जातं. म्हणजे काही टेकड्या निसर्ग घडवतो आणि काही आपले पूर्वज, तेही नकळत.

पवनारची पांढरी 1967 साली नागपूर विद्यापीठातर्फे खणण्यात आली. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी ते काम केलं. वाकाटक राजांच्या आधीपासून ते मध्ययुगापर्यंतच्या वस्तीच्या खुणा इथे थरावर थर रचलेल्या मिळाल्या. सर्वांत वरचा थर नवा, खाली जाल तसे दिवस जुने. पुस्तक शेवटच्या पानापासून वाचत जावं, तसंच हे!

गावातून आम्ही नदीकाठच्या परमधाम आश्रमात गेलो. हा आश्रम विनोबा भाव्यांचा. तो उभा कसा राहिला, ती गोष्ट ऐका.

1938 साली विनोबांची तब्येत फार खालावली होती. वजन उतरून 88 पौंडांवर आलं होतं. म्हणजे जेमतेम 40 किलो! कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असं त्यांना सुचवण्यात आलं. पवनारला टेकडीवर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. विनोबा म्हणाले, मी तिथेच जातो. आणि तिथे जाऊन त्यांनी काय करावं? कुदळ हातात घेतली! पहिल्या दिवशी थोडा वेळच खणलं, मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. काही महिन्यांतच वजन आणि ताकद दोन्ही परत आली.

एकदा खणताना कुदळीला मोठा दगड लागला. माती बाजूला केली, तर ती मूर्ती निघाली. दोघांच्या भेटीचा प्रसंग दगडात कोरलेला! विनोबांनी ओळखलं, ही राम आणि भरत यांची भेट. त्यांना फार नवल वाटलं, कारण 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं देताना ते याच भेटीविषयी बोलले होते. कुणी चित्रकाराने हा प्रसंग रंगवावा, अशी कल्पना त्यांनी तिथे मांडली होती. (ती प्रवचनं कुणी लिहून घेतली, माहीत आहे? त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी!) आणि सहा वर्षांनी पवनारला आले, तर जमिनीतून तोच प्रसंग वर आला. विनोबांनी ही मूर्ती देवाचा प्रसाद मानून तिथेच स्थापन केली.

इथल्या जमिनीतून आणखीही शिल्पं निघाली. गंगेची मूर्ती आहे, झुंजणारे वीर आहेत. ती दूरच्या एखाद्या संग्रहालयात गेली नाहीत, सापडली तिथल्याच आवारात आहेत. 1959 साली विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. इथल्या भगिनींच्या रोजच्या वावरात या सोळाशे वर्षांच्या मूर्ती आहेत. तिकीट नाही, रांग नाही. आपण फक्त शांतपणे जायचं आणि पाहायचं.

भाचा एका शिल्पापुढे बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, "मामा, यातला राम कोणता? नाव कुठे लिहिलंय?"

दोस्तांनो, खरी गंमत इथेच आहे. नाव कुठेच लिहिलेलं नाही!

नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ही शिल्पं अभ्यासली. त्यांचं म्हणणं असं की पवनार म्हणजेच प्रवरपूर, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी. या राजाने 'सेतुबंध' नावाचं प्राकृत महाकाव्य रचलं. रामाने समुद्रावर सेतू बांधला, त्याचं हे काव्य. मग त्याच्या राजधानीत रामाचं मंदिर असणार आणि ही शिल्पं त्याच मंदिराची असणार, असा मिराशींचा तर्क. त्यांनी यात भरतभेट पाहिली, वाली-सुग्रीवाचं युद्धही पाहिलं.

पण पुढच्या काही अभ्यासकांना ते पटलं नाही. ते म्हणतात, हे प्रसंग रामाचे नाहीत, कृष्णाच्या गोष्टीतले आहेत. राजधानीबद्दलही मतभेद आहेत. काही जण प्रवरपूर म्हणून रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात.

"मग खरं कोणाचं?" भाची म्हणाली.

"ते ठरवायला या दगडांचा पत्ता पूर्ण हवा होता."

"दगडाचा पत्ता?"

हो, दगडालाही पत्ता असतो! तो किती खोल होता, कोणत्या थरात होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, शेजारी काय पडलं होतं, हा त्याचा पत्ता. दोन शिल्पं एकाच भिंतीत ओळीने मिळाली, तर पहिल्यावरून दुसऱ्याचा प्रसंग ओळखता येतो. विनोबा तर शेतीसाठी आणि तब्येतीसाठी खणत होते. त्यांनी मूर्ती सांभाळल्या, हेच केवढं मोठं काम! पण पुरातत्त्वज्ञ खणताना जी मोजमापं घेतात, ती तेव्हा कोण घेणार? म्हणून मूर्ती मिळाल्या, पण त्यांच्या पत्त्यातल्या काही ओळी पुसल्या गेल्या.

इजिप्तमध्ये 1922 साली तुतनखामेन राजाचं थडगं सापडलं. सोन्याने भरलेलं! पण हॉवर्ड कार्टरने ते एकदम उपसलं नाही. वस्तूंना क्रमांक दिले, त्या जागेवर असतानाच फोटो घेतले, मगच त्या हलवल्या. या कामाला जवळजवळ दहा वर्षं लागली. का? तर एकाही वस्तूचा पत्ता हरवू नये म्हणून.

एवढं बोलून मी खाली नदीकडे निघालो. धामच्या खडकाळ पात्रात 1948 साली गांधीजींच्या अस्थी विसर्जित केल्या होत्या, ती जागा मुलांना दाखवायची होती. मागे वळून पाहतो तो भाचा तिथेच उभा. चेहरा पडलेला, उजवा हात खिशात.

"काय रे?"

त्याने मूठ उघडली. हातात खापराचा एक तुकडा होता. लाल, चकचकीत, कडेला बारीक रेघांची नक्षी.

"गावातून येताना उचलला," तो पुटपुटला. "मित्रांना दाखवणार होतो."

भाची रागावून काही म्हणणार होती. मी तिला थांबवलं, कारण मला माझा स्वतःचा डबा आठवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मी सहावीत असताना असंच एक नक्षीचं खापर त्यात टाकलं होतं. आजही आहे ते. कुठून आणलं? पवनारहून की दुसरीकडून? काही केल्या आठवत नाही. ते दिसायला अजून सुंदर आहे, पण ते काहीच सांगत नाही. त्याला मुकं मीच केलं. मी हे सगळं मुलांना सांगून टाकलं.

भाचा म्हणाला, "चल, परत ठेवू या."

आम्ही पुन्हा गावात चढून आलो. पण नेमकं कुठे? भाचा म्हणे, या वळणावर. मग म्हणे, नाही, त्या भिंतीपाशी. मग कडुनिंबाखाली. अर्ध्या दिवसात तो जागा विसरला होता! डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

ओट्यावर बसलेल्या एक आजी हे सगळं पाहत होत्या. "काय हरपलं जी?" त्यांनी विचारलं.

मी खापर दाखवलं. आजी हसल्या. "हे होय! पाणी पडलं का वर येते ते. लेकरं ठिकऱ्या खेळतेत त्याच्या. ठेव बाबू इथंच, गावचं गावात राहते."

"पण आजी, पत्ता चुकला ना त्याचा," भाचा म्हणाला.

मी त्याला समजावलं, की पावसाने वर आलेलं खापर आधीच थोडं हललेलं असतं. तरी ते पांढरीवरच पडून असलं तर कामाचं असतं. अशी खापरं पाहूनच जाणकार ओळखतात, की खाली जुनी वस्ती आहे. मुंबईच्या कपाटात गेलं, तर तेवढंही सांगणार नाही. त्याने ते भिंतीच्या कडेला, कुणाच्या पायाखाली येणार नाही असं ठेवलं. आमची परतीची एसटी तोवर निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट पाहत आम्ही उरलेल्या चकल्या संपवल्या.

दोस्तांनो, तुमच्या गावाला पांढरी आहे का? आजी-आजोबांना विचारा. पावसानंतर तिथे फिरा, भरपूर पाहा, वहीत चित्रं काढा. पण उचलू नका. शिल्प किंवा नाणं दिसलं तर जागा नीट लिहून ठेवा, फोटो काढा आणि शिक्षकांना सांगा. त्यांच्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवता येतं. आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट. 1878 सालच्या कायद्यात लिहिलंय, की जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवा.

माझ्या डब्यातल्या खापराचं काय करायचं, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला काही सुचतंय? मला जरूर लिहा!

तुमचा,
मामा