क्षमा आणि सुनेची झोप


पीटरसन आणि सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली माणसाच्या २४ गुणांची यादी मांडली. क्षमा, नम्रता, प्रामाणिकपणा, संयम, सगळे त्यात आहे. आपले दशलक्षण आठवतेच!

गुणांनी मनाला बळ येते, हे मलाही पटते. पण सून महिनाभर झोपत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, आणि आपण म्हणतो, "स्वाध्याय वाढव, राग सोड." अगं, डिप्रेशन हा आजार आहे. ताप आल्यावर आपण कुणाचा संयम मोजतो का? डॉक्टरांकडे न्या. रात्री पाणीसुद्धा घेत नसेल तर तेही त्यांना सांगा, गोळीची वेळ ते बघतील.

अपमान गिळणारीला क्षमाशील म्हणणेही पुरे. क्षमावाणीला घरातल्या मोठ्यांनीच आधी तिच्यापुढे हात जोडावेत.